दाखवणं आणि सांगणं

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी बहुतेक वेळा एकच ओळ असते : तीन महिन्यांनी दाखवायला या. तिच्या वर शस्त्रक्रियेचं नाव, काढलेल्या भागाचं वर्णन, बायॉप्सीचा निष्कर्ष आणि औषधांची यादी असं बरंच काही दाटीवाटीनं लिहिलेलं असतं. पण ते एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेलं असतं. घरच्यांना कळते ती तळाची ओळ. सीटी स्कॅनच्या फिल्म, रिपोर्ट, पावत्या एका मोठ्या पिशवीत भरल्या जातात, पिशवी कपाटावर जाते आणि रुग्ण घरी येतो.

ती ओळ आणि पुढची भेट यांच्या मधले नव्वद दिवस, त्यापुढचे नव्वद आणि त्यापुढची वर्षं हा या पुस्तकाचा विषय आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाविषयी आपल्याकडे बोललं जातं ते बहुधा तंबाखू, लक्षणं, निदान आणि उपचार एवढ्यापुरतं. ‘उपचार व्यवस्थित पार पडले’ या वाक्यावर गोष्ट संपते. ज्याच्यावर ते पार पडले तो माणूस मात्र जिन्यात पहिल्या मजल्यावरच कठडा धरून थांबलेला असतो. हे थांबणं नेहमीचं की काळजीचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, आणि त्यानंही कोणाला विचारलेलं नसतं.

दुखण्यानंतरचा काळ हे एक वेगळं काम आहे, हे आपल्या समाजाला ठाऊक नाही असं नाही. बाळंतिणीचा सव्वा महिना आठवून पाहा. तेल लावणं, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाहेर कधी पडायचं, पाण्यात हात कधी घालायचा, हे सगळं घरातल्या मोठ्या बाईला पाठ असायचं. त्यातली प्रत्येक गोष्ट शास्त्राला धरून होती असं नव्हे. पण त्या काळाला नाव होतं, मुदत होती आणि तो कोणी निभवायचा हे ठरलेलं होतं. फुप्फुसाचा एक खंड काढून घरी आलेल्या माणसासाठी असा सव्वा महिना कोणी आखलेला नाही. मग घरची माणसं जवळ असलेलीच रीत त्याला लावतात : पडून राहा, फार बोलू नका, जिना उतरू नका. ही माया इथे बाधते. उरलेलं फुप्फुस फुलायला हवं तर चालावं लागतं, खोकून कफ काढावा लागतो, दिवसातून अनेकदा दीर्घ श्वास घ्यावा लागतो.

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यानं आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘उपचार झाले’ म्हणजे नेमकं काय झालं, यावर पुढचा रस्ता ठरतो. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. शस्त्रक्रियेत बहुधा एक खंड जातो आणि राहिलेले खंड थोडे पसरून जागा भरून काढतात. श्वासाची ताकद आधी घटते आणि काही महिन्यांत बरीचशी सावरते. फासळ्यांमधल्या नसा दुखावल्या गेल्यामुळे होणारी आग, टोचणी किंवा बधिरपणा त्याहून लांबतो. छातीभोवतीचा कपड्याचा स्पर्शही कित्येकांना नकोसा होतो, खांदा आखडतो. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनमध्ये हा त्रास कमी असतो, पण सगळ्यांनाच चुकतो असं नाही.

किरणोपचारांचं वेगळं. ते संपताना माणूस ठीक असतो. काहींना महिन्याभरानं किंवा चार-पाच महिन्यांनी कोरडा खोकला, बारीक ताप आणि धाप सुरू होते. ही किरणांमुळे आलेली फुप्फुसाची सूज असू शकते आणि तिला बहुधा स्टेरॉइड लागतं. गावातल्या दवाखान्यात एक्स-रेवर डाग दिसतो. आधीच्या किरणोपचारांची माहिती तिथे पोचलेली नसते. आपल्या देशात छातीतला डाग म्हटलं की पहिला संशय क्षयाचा, आणि तो अनाठायी नसतो. पण तपासणीशिवाय क्षयाची औषधं (एकेटी) सुरू झाली तर मोलाचे आठवडे जातात. शिवाय क्षयावरचं रिफाम्पिसिन हे औषध कर्करोगाच्या काही गोळ्यांचा परिणाम घटवतं. म्हणजे दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं ठाऊक नसतील तर रुग्ण दोन्हीकडून नागवला जातो.

केमोथेरपीच्या खुणा औषधागणिक बदलतात. सिस्प्लॅटिननं मूत्रपिंडावर ताण येतो, कानात आवाज येतात. पॅक्लिटॅक्सेलनं तळपायांची जाणीव इतकी बोथट होऊ शकते, की पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. लघुपेशी प्रकारच्या कर्करोगात मेंदूला किरण दिले असतील तर स्मरणशक्ती मंदावू शकते, आणि घरचे ते वयाच्या किंवा आळसाच्या खात्यावर टाकतात. ईजीएफआरसारख्या जनुकीय बदलावर नेम धरणाऱ्या गोळ्या चेहऱ्यावर पुरळ, जुलाब आणि नखांच्या कडांना सूज आणतात. इम्युनोथेरपी शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचे ब्रेक सैल करते. त्यामुळे ती शक्ती कधी थायरॉइडवर, कधी आतड्यांवर, कधी निरोगी फुप्फुसावरच उलटते, आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांनीही हे घडू शकतं. तेव्हा ‘ऑपरेशन झालं’, ‘लाइट दिला’, ‘गोळ्या चालू आहेत’ ही घरगुती वाक्यं पुरत नाहीत. कोणतं औषध, किती वेळा, कुठल्या बाजूला किरण, हे एका कागदावर मराठीत लिहिलेलं असणं ही बरं होण्याच्या कामातली पहिली गरज आहे.

या विषयाचा इतिहास उपचारांच्या इतिहासाहून बराच धाकटा आहे. १९३३ साली अमेरिकेत सेंट लुइसमध्ये एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एक अख्खं फुप्फुस काढलं आणि रुग्ण जगला. तो रुग्ण स्वतः प्रसूतितज्ज्ञ होता. तो पुन्हा कामावर रुजू झाला आणि पुढे जवळपास तीन दशकं जगला. १९५० मध्ये ग्रॅहम यांनी अर्न्स्ट विंडर यांच्याबरोबर धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनीही तोच निष्कर्ष मांडला. ग्रॅहम स्वतः अनेक वर्षं सिगारेट ओढत. १९५७ मध्ये याच रोगानं ते गेले. त्यांचा रुग्ण तेव्हा हयात होता. वैद्यकाच्या इतिहासात ही कथा शल्यविद्येचा विजय म्हणून सांगतात. एका फुप्फुसावर इतकी वर्षं कशी काढली, जिना कसा चढला, थंडीत काय सांभाळलं, हा तिचा दुसरा अर्धा भाग मात्र पाठ्यपुस्तकांत कोणी मांडला नाही.

त्या अर्ध्या भागाला भाषा मिळायला १९८५ उजाडावं लागलं. फिट्झह्यू मलन या अमेरिकी डॉक्टरांना स्वतःलाच छातीत कर्करोग झाला होता. कर्करुग्णांची वाटणी ‘बरे झाले’ आणि ‘गेले’ अशा दोन रकान्यांत करण्याला त्यांनी त्या वर्षीच्या लेखात हरकत घेतली. निदान आणि उपचारांचा काळ, मग सावधपणे वाट पाहण्याचा काळ आणि नंतरचं दीर्घ आयुष्य असे तीन ऋतू त्यांनी मांडले. पुढच्याच वर्षी त्यांच्यासह काही जणांनी रुग्णांची राष्ट्रीय संघटना उभी केली. २००६ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालानं उपचार संपल्यावर रुग्ण यंत्रणेच्या फटीत हरवतो हे ठासून सांगितलं आणि प्रत्येकाच्या हाती झालेल्या उपचारांचा गोषवारा व पुढची लेखी योजना द्यावी अशी शिफारस केली. आपल्याकडेही हा विचार परका नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ मध्येच, कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी, उपचार संपल्यानंतरचं खास क्लिनिक सुरू झालं होतं. फुप्फुसाच्या कर्करोगापर्यंत तो विचार पोचायला वेळ लागला याचं कारण सोपं आणि कडू आहे : ‘नंतर’ वाट्याला येणारी माणसंच फार थोडी होती.

आज या क्षेत्रात ढोबळमानानं चार विचारधारा दिसतात. पहिली पाळत ठेवणाऱ्यांची. रोग उलटला तर लवकर पकडावा हा तिचा आग्रह. उलटण्याचे बहुतेक प्रसंग पहिल्या दोन-तीन वर्षांत येतात आणि फुप्फुसात अगदी नवा, दुसरा कर्करोग होण्याचा धोकाही दर वर्षी एक-दोन टक्के राहतो. म्हणून लघुपेशी नसलेल्या प्रकारात, पहिल्या तीन टप्प्यांतल्या रोगासाठी, अमेरिकी मार्गदर्शनात साधारण दोन वर्षं सहा महिन्यांनी छातीचा सीटी आणि नंतर वर्षातून एकदा कमी मात्रेचा सीटी सुचवलेला असतो. प्रत्येक भेटीत पेट स्कॅन करण्याला त्यात आधार नाही. दुसरी धारा श्वासाचं पुनर्वसन करणाऱ्यांची. सहा मिनिटांत किती अंतर चाललं ते मोजणं, स्पायरोमीटरमध्ये श्वास ओढून त्यातले तीन चेंडू उचलणं, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं, पायांचे स्नायू बळकट करणं ही तिची साधनं. दिसायला साधी, पण सातत्य मागणारी.

तिसरी धारा पॅलिएटिव्ह केअरची. आपल्याकडे हा शब्द कानावर पडला की ‘आता काही उरलं नाही’ असाच अर्थ घेतला जातो. २०१० मध्ये बोस्टनमध्ये जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या फुप्फुस-कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना निदानापासूनच नेहमीच्या उपचारांसोबत या तज्ज्ञांची साथ मिळाली, इतरांना नाही. साथ मिळालेल्यांचं जगणं अधिक सुसह्य होतं, नैराश्य कमी होतं, शेवटी शेवटी आक्रमक उपचार कमी झाले होते. तरीही त्यांचं मध्यक आयुष्य ११.६ महिने भरलं, इतरांचं ८.९. वेदना, धाप आणि भीती यांच्याकडे लक्ष देणं हे हार मानणं नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं?

चौथी धारा रुग्णाचं सांगणं नियमितपणे ऐकून घेणाऱ्यांची. ती सर्वांत नवी आहे आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्यासाठी दोन फ्रेंच अभ्यास शेजारी ठेवून पाहावेत. एकात शस्त्रक्रिया झालेले १,७७५ रुग्ण होते. अर्ध्यांची पाहणी डॉक्टरी तपासणी आणि छातीच्या एक्स-रेवर झाली, अर्ध्यांचे त्याशिवाय नियमित सीटी झाले. २०२२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा सीटीच्या गटात रोग अधिक वेळा लवकर सापडला होता, पण एकूण आयुर्मानात ठाम म्हणावा असा फरक नव्हता. दुसरा अभ्यास फाब्रिस डनी यांचा, २०१७ चा, आणि तो वाढलेल्या रोगाच्या रुग्णांवरचा. त्यात एका गटानं दर आठवड्याला घरबसल्या आपली लक्षणं भरून पाठवायची होती. भूक, वजन, खोकला, धाप असं काही बिघडलं की डॉक्टरांना सूचना जाई. या गटाचं मध्यक आयुष्य १९ महिने, नेहमीच्या पद्धतीच्या गटाचं १२.

दोन्ही अभ्यासांतले रुग्ण वेगळे होते, म्हणून यावरून ‘स्कॅन नको’ असा अर्थ कोणी काढू नये. दिलेली तारीख पाळायचीच. पण आपण ज्याला ‘दाखवायला जाणं’ म्हणतो त्यात रुग्ण गप्प असतो आणि फिल्म बोलते. आठवड्याला सांगणाऱ्या रुग्णांनी फिल्मला न दिसणारं काहीतरी वेळेत पोचवलं. खोकल्यातून रक्त, अचानक वाढलेली धाप, एकाच पायाला सूज, नवी डोकेदुखी किंवा फिट, रात्री जागवणारी हाडाची वेदना, बसलेला आवाज, उतरणारं वजन यांतलं काहीही तारखेची वाट पाहत नाही.

आपल्याकडे मात्र सांगायचं तर कोणाला? उपचार परळला झाले आणि घर बीड किंवा गोंदियाला असलं, की सांगणं ही प्रवासाची आणि रोजगाराची बाब होते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा संस्थांनी मुक्कामाची सोय केली म्हणून हजारो कुटुंबांना मुंबईत टिकता आलं. रेल्वेची कर्करुग्णांसाठीची सवलत केवळ उपचारांसाठी नसून नंतरच्या नियमित तपासणीसाठीही आहे, हे पुष्कळांना माहीतच नसतं. स्लीपर आणि थ्री-टियर एसीत ती रुग्णाला शंभर टक्के आणि सोबत्याला पंचाहत्तर टक्के मिळते. पण तिकीट फुकट असलं तरी दोन दिवसांची मजुरी जातेच. तेव्हा दोन भेटींच्या मधलं ऐकून घेणारा माणूस तालुक्यातच असायला हवा, आणि तो बहुधा आपला फॅमिली डॉक्टर असतो. मोठ्या रुग्णालयाचा कागद त्याच्यापर्यंत नेणं, दर वर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस यांविषयी त्याला विचारणं, पावडरी-भस्मं घेत असल्यास त्याच्यापासून न लपवणं ही घरच्यांची कामं आहेत. ‘घरचे’ म्हटलं तरी हे बहुतेक ठिकाणी एका बाईवर येतं. तिच्या पाठदुखीची नोंद कोणत्याच फाइलमध्ये होत नाही.

आणखी एक ओझं या रोगाला खास चिकटलेलं आहे. भेटायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘ओढत होते का?’ उत्तर ‘हो’ असेल तर सहानुभूती आटते आणि ‘नाही’ असेल तर कोणी विश्वास ठेवत नाही. आपल्या देशात या रोगाच्या रुग्णांत आयुष्यात कधीच न ओढलेल्यांचं, विशेषतः स्त्रियांचं, प्रमाण मोठं आहे. बाहेरच्या हवेचं प्रदूषण कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेनं २०१३ मध्येच जाहीर केलं आहे. आणि जो ओढत होता त्याला दोष देऊन उपयोग नाही. निदानानंतर सोडलं तरी फायदा होतो, आणि अपराधी वाटणारा माणूस लक्षणं सांगत नाही, लपवतो.

हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर आकड्यांत आहे, तसंच उपचारांतही आहे. २०२२ मध्ये जगात सुमारे २५ लाख माणसांना नव्यानं हा रोग झाला आणि सुमारे १८ लाख माणसं त्यानं गेली. हा अजूनही सर्वाधिक बळी घेणारा कर्करोग आहे. पण चित्र हलू लागलं आहे. २००४ मध्ये ईजीएफआरमधल्या बदलांचा शोध लागला आणि पसरलेला रोग असलेली माणसंही गोळ्यांवर वर्षानुवर्षं कामावर जाऊ लागली. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या काही गाठींसाठी संपूर्ण खंडाऐवजी त्याचा छोटा भाग काढणंही पुरतं, हे जपानमधल्या मोठ्या अभ्यासातून २०२२ मध्ये दिसलं. परिणाम असा, की ‘नंतर’ जगणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यांतल्या अनेकांच्या उपचारांना शेवटचा दिवसच नाही. मराठीत त्यांना काय म्हणावं हेही अजून ठरलेलं नाही. ‘कर्करोगमुक्त’ म्हणायला ते स्वतःच कचरतात, ‘योद्धा’ हा शब्द समारंभापुरता बरा वाटतो आणि ‘रुग्ण’ म्हणवून घ्यायचा कंटाळा आलेला असतो. स्कॅनच्या आधीच्या आठवड्यात झोप उडते, रिपोर्ट चांगला आला की पेढे वाटले जातात आणि पुढच्या तारखेचं सावट पुन्हा साचू लागतं. या मधल्या जागेत राहणाऱ्यांसाठी हे लेखन आहे.

पुस्तक काय करत नाही, तेही सांगायला हवं. ते औषधांचे डोस सांगत नाही, कोणत्याही रुग्णालयाची क्रमवारी लावत नाही आणि चमत्काराच्या कथा सांगत नाही. इथला सल्ला तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी ठेवू नये. ज्यांचा रोग परतला आहे त्यांना वगळून ‘बरं होण्याचं’ पुस्तक लिहायचं नाही, हेही आधीच ठरलेलं होतं. बरं वाटणं आणि बरं होणं या दोन गोष्टींतलं अंतर त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

या पुस्तकाचा मुख्य खटाटोप शब्दांचा आहे. सांगायचं तर आधी शब्द लागतात आणि ते आपल्या भाषेत आहेत. चढ चढताना ‘दम लागतो’, आडवं झाल्यावर ‘श्वास कोंडतो’, कफ असला की ‘छाती भरून येते’, आणि बोलता बोलता वाक्य तुटतं तेव्हा ‘धाप लागते’. हे सगळं तपासणीच्या खोलीत आपण ‘जरा त्रास होतो’ एवढ्यात उरकतो आणि डॉक्टर ‘श्वासाचा त्रास’ असं लिहितात. कोणता दम, कधी, किती पायऱ्यांनंतर, गेल्या महिन्याहून कमी की जास्त, हे सांगता आलं तर दोन मिनिटांच्या भेटीतही डॉक्टरांच्या हाती काहीतरी लागतं. दुखणं सलतं, ठणकतं, आग होते की मुंग्या येतात, यावर औषध बदलतं. नसांच्या आगीला साधी वेदनाशामक गोळी फारशी दाद देत नाही.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकाला एकच विनंती. कपाटावरच्या त्या पिशवीत फिल्म आणि रिपोर्टांच्या जोडीला एक शंभर पानी वही ठेवा. आज किती पावलं चाललात, किती पायऱ्यांवर थांबलात, रात्री कितीदा उठलात, वजन काय भरलं, एवढं लिहा. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी नातवानं लिहावं. पुढच्या तारखेला फिल्म डॉक्टरांच्या हातात द्याल तेव्हा वहीही उघडून समोर धरा.